म्हातारीला विचारलं का?

खुर्शीद आपांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या काचेचा गरम फ्लास्क गालाला लावून, डोळे मिटून उभ्या होत्या. मला वाटलं बाईंची दाढ दुखतेय. दुसऱ्या वर्षाला गेल्याचा तोरा होता अंगात, त्यामुळे दारातूनच सल्ला दिला, "लवंगेचं तेल लावा." त्यांनी डोळे न उघडताच हाताने थांब म्हणून खुणावलं. मग बिस्मिल्ला म्हणून त्या फ्लास्कातलं पातळ आगार, म्हणजे जंतू वाढवायची खळ, ओळीने मांडलेल्या प्लेटांमध्ये ओतू लागल्या. एकेक प्लेट सारखी भरली, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. शेवटची भरून झाल्यावर माझ्याकडे वळल्या.

"दाढ न्हाई दुखून राहिली. गालाला सोसंल तेवढंच गरम पायजे. जास्त असलं की त्यात घातलेलं रक्त शिजतंय, कमी झालं की ओतायच्या आधीच थिजतंय. आन् तू डॉक्टर होणार न गं? मग लवंगेचं तेल कशाला सांगते?"

नांदेडच्या आमच्या कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आपा टेक्निशियन होत्या. देगलूर नाक्यावरून सकाळी शेअर रिक्षाने यायच्या, बुरखा दारामागच्या खुंटीला अडकवायच्या आणि धुऊन धुऊन पिवळसर पडलेला अ‍ॅप्रन चढवायच्या. त्या अ‍ॅप्रनचा उजवा खिसा म्हणजे एक दुकानच होतं. काचेवर लिहायची पेन्सिल, बडीशेपेची पुडी, प्लॅस्टिकची अर्धी तुटकी पट्टी, आणि गोळ्यांची एक स्ट्रिप. मधूनच कंबर धरून त्या खुर्चीत बसायच्या, स्ट्रिपमधली एक गोळी पाण्याबरोबर घ्यायच्या आणि पुन्हा उभ्या राहायच्या. "लघवीला जळजळ करतंय गं, दुसरं काय न्हाई. उद्या बरं वाटंल." बरं वाटलं की स्ट्रिप खिशात परत. आम्ही हसायचो. हे हसणं नंतर फार महागात पडलं, पण ते पुढे सांगते.

आपांचं काम समजायला फार शिकलेलं असायला नको. रुग्णाच्या लघवीतले, रक्तातले जंतू प्लेटवर पसरायचे आणि त्यावर कागदाच्या बारक्या चकत्या ठेवायच्या. प्रत्येक चकतीत एकेक प्रतिजैविक औषध मुरवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायचं. ज्या चकतीभोवती जंतू उगवलेले नसतील, स्वच्छ गोल उरला असेल, ते औषध लागू पडतं. जंतू चकतीला भिडून उगवले असतील तर त्या औषधाला ते जुमानत नाहीत. इंग्रजी पुस्तकात त्या गोलाला भारदस्त नाव आहे. आपा त्याला खळं म्हणायच्या, चंद्राला पडतं तसं. "ह्याला खळं पडलं गं, लिही. ह्याला न्हाई पडलं. ह्याला पडलंय पण नावाला." तुटक्या पट्टीने मोजायच्या, आकडा सांगायच्या, आणि आमच्या महागड्या कॅलिपरने मोजलं तरी तेवढंच भरायचं.

आणि मग होती म्हातारी.

म्हातारी म्हणजे एक जंतूच. जगभरच्या प्रयोगशाळांत पडताळ्यासाठी जपून ठेवतात त्या जातीचा, ज्याचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक असतो. कुठल्या औषधाने तिच्याभोवती किती मोठं खळं पडतं हे ठरलेलं आहे. म्हणून आधी चकत्या तिच्यावर ठेवून बघायच्या. तिच्यावर खळं पडलं नाही तर दोष जंतूचा नसतो, चकत्यांचा असतो. आपा दर सोमवारी तिला जुन्या ट्यूबमधून नव्या ट्यूबमध्ये घालायच्या. त्याला 'म्हातारीचं घर बदलणं' असं नाव होतं. ईद असो, दिवाळी असो, सोमवार चुकायचा नाही. आम्ही काहीही निकाल घेऊन धावत गेलो की त्यांचा एकच प्रश्न ठरलेला असायचा, "म्हातारीला विचारलं का?"

आम्ही म्हणजे 'साखळी'. नांदेड आणि लातूरकडच्या आम्हा काही विद्यार्थ्यांनी मिळून हे सुरू केलं होतं. मेडिकलचे होतो, फार्मसीचे होते, आणि लातूरकडून नितीन होता, जनावरांच्या डॉक्टरकीचा विद्यार्थी. औषधांना न जुमानणारे जंतू आपल्या भागात कुठे, किती, हे आपणच शोधायचं असं ठरवलं होतं. कोणी मोठ्यांनी सांगितलं नव्हतं. विभागप्रमुख सरांनी प्रयोगशाळेचा एक कोपरा दिला आणि म्हणाले, "खर्च मागू नका आणि आग लावू नका." आम्ही औषधांच्या दुकानांत फिरून चिठ्ठीशिवाय गोळ्या कोण देतं याची पाहणी केली. नितीन म्हशींच्या दुधाचे नमुने गोळा करायचा. आपांना आमचं भारी कौतुक. पाहणीचे कागद त्यांनीच आमच्याबरोबर बसून गठ्ठे करून लावले, आणि गठ्ठे लावता लावता कंबर धरून एक गोळी घेतली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही की त्या कागदावरचे प्रश्न समोरच्या बाईला विचारावेत.

अडचण होती ती चकत्यांची. त्या थंडीत ठेवाव्या लागतात, आणि लातूरला नितीनकडे पोचवायच्या कशा? डोकं मीच चालवलं. मी किल्लारीची. अकरावी-बारावीला लातुरात क्लास लावला होता तेव्हा आईचा डबा रोज गावाहून एसटीने यायचा. आमच्या भागात शेकडो आया असेच डबे पाठवतात. ड्रायव्हरच्या हाती द्यायचा, पोराने स्टँडवर जाऊन घ्यायचा, कधी हरवत नाही. मग चकत्यांच्या कुप्या स्टीलच्या डब्यात, भोवती बर्फाची पिशवी, वर टॉवेल, टॉवेलवर नितीनचं नाव. एप्रिल-मे दोन महिने डबे गेले. टपाल खात्यालाही जमलं नसतं असं आम्ही जमवलं म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मेच्या शेवटी नितीनचा फोन आला. "प्रज्ञा, दुधातल्या जंतूंवर मेरोपेनेमचं खळंच पडेना. एकावर नाही, सगळ्यांवर."

मेरोपेनेम हे राखून ठेवलेलं औषध. बाकीची हरली की काढायचं. ते म्हशीच्या दुधातल्या जंतूंवर चालत नसेल तर ही बातमी नुसत्या लातूरची नव्हती. मी तर त्या रात्री झोपले नाही. दोन दिवसांत दोन्ही जिल्ह्यांतल्या डॉक्टरांची बैठक ठरवली, हॉल मिळवला, सगळ्यांना निरोप गेले. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. मग मिरवायला आपांकडे गेले. त्या प्लेटा धुवायला टाकत होत्या.

"म्हातारीला विचारलं का?"

मी तिथूनच फोन लावला. नितीन म्हणाला, म्हातारीची ट्यूब आहे फ्रीजमध्ये, पण परीक्षा होती, नमुने फार होते, राहून गेलं.

"आपा, एक-दोन चकत्या खराब असतील. सगळ्याच कशा असतील? बैठक चार दिवसांवर आलीय."

"बैठक तुझी हाय. म्हातारी माझी हाय." त्यांनी हात पुसले. "उद्या रजा टाकते. लातूरला जाऊ."

सकाळच्या कंधारमार्गे जाणाऱ्या गाडीत आपा पहिल्या बाकावर बसल्या. मांडीवर पर्स, पर्समध्ये म्हातारीची ट्यूब, आणि बर्फाच्या थर्मासमध्ये ताज्या चकत्या. मी खिडकीशी तोंड फुगवून. कंधारच्या स्टँडवर गाडी थांबली तशा त्या खिडकीबाहेर वाकून माणसं न्याहाळू लागल्या. हे मी आधीही पाहिलं होतं. वॉर्डात कोणी कंधारचा पेशंट आला की आपा जाऊन बापाचं नाव, गल्ली, वय असं काहीबाही विचारून यायच्या. मी चिडूनच विचारलं, "कंधारात तुमचं कोण आहे?"

"कोण न्हाई." खिडकीबाहेरची नजर न काढताच त्या बोलू लागल्या. "माझी पयली नोकरी खाजगी लॅबमध्ये होती. तिथं कंधारच्या एका लेकराचं रक्त आलतं. दोन महिन्याचं लेकरू. मी चकत्या लावल्या, एकाला बी खळं न्हाई. तसंच लिहून दिलं. चार दिवसांनी कळलं, फ्रीज बंद पडलता, चकत्या मेलत्या. परत लावलं तर चांगलं हे एवढं खळं. पळत गेले दवाखान्यात. तर कोणतंच औषध चालत न्हाई म्हणल्यावर माय-बाप लेकरू घेऊन घरी गेलते."

"मग?"

"मग काय. रविवारी आले हितं. किल्ल्यापास्नं बाजारापर्यंत सगळ्या गल्ल्या फिरले. नाव अर्धंच माहीत होतं. न्हाई सापडलं. जगलं असंल तर आता तुझ्यापेक्षा मोठं असंल."

इतक्यात एक बाई पदर सावरत पळत आली आणि ड्रायव्हरच्या खिडकीतून एक डबा आत दिला. "लातूरला पोरगी येती घ्यायला, भाऊ." ड्रायव्हरने डबा घेतला आणि शेजारच्या इंजिनच्या झाकणावर ठेवला. तिथे आधीच पाच-सहा डबे ओळीने मांडलेले होते.

आपा टक लावून बघत राहिल्या. मग उठल्या, वाकून त्यातला एक डबा उचलला आणि गालाला लावला. डोळे मिटले.

"ओ बाई, लोकांचा डबा हाय तो," ड्रायव्हर म्हणाला.

"भाऊ, डबे हितं का ठिवता?"

"लेकरं बाहेरचं खाऊन राहतेत वो. घरची भाकर गरम भेटावी म्हणून ठिवतो. लातूरपर्यंत वाफ निघती बघा."

आपांनी डबा जागेवर ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आगार ओतता यील गं एवढं गरम हाय! तुझ्या चकत्या भाजून खाल्ल्या ह्या लोकांनी!" मला मात्र रडू येत होतं. दोन वर्षं आईची भाकरी मला गरम मिळत होती. ऐन थंडीतही, एसटीच्या एवढ्या प्रवासानंतर ती गरम कशी राहते असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आईच्या हाताला यश आहे असंच मी समजत होते.

लातुरात तेच झालं जे व्हायचं होतं. नितीनकडच्या चकत्या म्हातारीवर लावल्या, सकाळी बघितलं तर मेरोपेनेमला नावालाही खळं नाही. शेजारच्या प्लेटवर आपांच्या ताज्या चकत्या, त्यांना रुपयापेक्षा मोठं खळं. सगळे जपून ठेवलेले नमुने ताज्या चकत्या घेऊन नव्याने लावले, सगळ्यांना खळी पडली आणि आमचा मोठा शोध दुसऱ्या सकाळी पुसला गेला. मी आपांना म्हणाले, बैठक रद्द करू, काहीतरी कारण सांगू.

"कारण कशाला सांगते? झालं ते सांग की."

"लोक हसतील."

"हसू दे न. ड्रायव्हरचं ऐकून मी न्हाई हसले का? हसलेलं माणूस इसरत न्हाई." मग पर्सची चेन लावत म्हणाल्या, "हे बघ बेटा, मेरो चालत न्हाई म्हणून उद्या डॉक्टरांनी ते सोडून त्याच्याहून जहर दुसरं सुरू केलं तर? कोण्या गावातल्या गल्ल्या फिरशील मग तू?"

मी बैठकीत उभी राहिले आणि डब्याची गोष्ट सांगितली. हॉल खदखदून हसला. एक वयस्क डॉक्टर म्हणाले, "मग आम्हाला बोलावलं कशाला?" मागच्या रांगेतून आपांचा आवाज आला, "तुमच्या गावच्या चकत्या कोणत्या गाडीनं येतात ते बघा म्हणून." हसणं थांबलं. बैठक संपल्यावर तीन लॅबवाले आपांभोवती जमले, म्हातारीची एकेक ट्यूब मागायला. साखळी खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाली असं मी मानते. निकालांच्या आधी म्हातारीचा आकडा लिहायचा हा नियम झाला. तो नसेल तर निकाल घ्यायचाच नाही.

पुढे मी एमडीला हाच विषय घेतला तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं. पेशंट बघायचे सोडून प्लेटा काय बघतेस म्हणाले. आपा मात्र खूश. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात सरांनी शाल दिली, भाषणं झाली. आपांनी भाषण केलं नाही. खिशातून ट्यूब काढली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "सोमवार चुकू देऊ नको." बस्स. आणि समोशाची प्लेट घेऊन खाली शिपायांबरोबर जाऊन बसल्या.

निवृत्तीनंतर वर्षही झालं नव्हतं, आपांना तापाने फणफणून आमच्याच दवाखान्यात भरती केलं. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात गेला होता. नमुना माझ्याच टेबलावर आला. नमुन्यांवर आम्ही नाव लिहीत नाही, नंबर असतो, पण तो नंबर माझ्याच हाताने टाकलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट उघडली. जंतू सगळ्या चकत्यांना भिडून उगवले होते, मेरोपेनेमलासुद्धा. कुठेही खळं नव्हतं.

मी खुर्चीत बसले. मग आठवलं, ती खिशातली प्रतिजैविकाची स्ट्रिप, ती एक गोळी, तो 'उद्या बरं वाटंल'. अर्धवट घेतलेल्या प्रतिजैविकाने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. एवढ्यानेच झालं असं शास्त्राने मला म्हणता येणार नाही. पण किती वर्षं आम्ही ते पाहिलं होतं आणि हसलो होतो. दोन जिल्हे पालथे घालणाऱ्या साखळीने शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला एक शब्द विचारला नव्हता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याच दुपारी म्हातारीवर त्याच कुपीतल्या चकत्या लावल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून मागितलं की चकत्या खराब निघू देत. फ्रीज बंद पडलेला असू दे, कोणीतरी कुपी उन्हात विसरलेली असू दे, एसटीच्या इंजिनवर भाजलेली असू दे. वॉर्डातल्या डॉक्टरांनी निकालाची वाट न पाहता शेवटचं, किडनीला जड जाणारं इंजेक्शन सुरू केलं होतं. चकत्या खराब आहेत असं म्हातारीने सांगितलं असतं तर ते थांबवता आलं असतं.

सकाळी म्हातारीच्या प्लेटवर सगळी खळी जिथल्या तिथे होती. स्वच्छ, गोल, पुस्तकात असतात तशी.

दोन्ही प्लेटा टेपने बंद करून मी वॉर्डात गेले. नियमात बसत नव्हतं, पण दुसऱ्या कोणी सांगितलेलं आपांनी ऐकलं नसतं. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, गाल आत गेलेले. मला पाहिल्यावर पहिला प्रश्न तोच आला, फक्त आवाज खोल गेला होता.

"म्हातारीला विचारलं का?"

मी दोन्ही प्लेटा दिल्या. त्यांनी आधी स्वतःची प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. मग म्हातारीची. म्हातारीची त्यांनी बराच वेळ पाहिली, अगदी तिरकी करून, सवयीने.

"चांगली हाय गं," त्या म्हणाल्या. "चांगली ठिवलीस."

"आपा, त्या गोळ्या..."

"हाव. खाल्ल्या न. रजा कोण टाकणार म्हणून खाल्ल्या. तुला शिकवून राहिले आन् मीच खाल्ल्या." त्यांनी प्लेटा माझ्या हातात दिल्या. "रडू नको. चकत्या बरोबर हायत म्हणल्यावर खरं हाय ते. लिही. साखळीच्या यादीत बी लिही. आधी म्हातारीचा आकडा, मग माझा."

मी मान हलवली. दारापर्यंत गेले तेव्हा मागून त्यांनी हाक मारली. मी वळले. त्या कोपरावर जोर देऊन थोड्या उठल्या होत्या, माझ्याकडे रोखून बघत होत्या.

"सोमवारी घर बदललं का तिचं?"

त्या दिवशी बुधवार होता. सोमवारपासून माझं कशातच लक्ष नव्हतं. "हाव, आपा, बदललं," मी म्हणाले.

त्या समाधानाने मागे टेकल्या आणि डोळे मिटले. शुक्रवारी आपा गेल्या. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं, आणि त्यांच्याशी खोटं बोलले तेही तेवढं एकदाच. पण त्या बुधवारी वॉर्डातून निघाले ती कुठे थांबले नाही. तडक जिना उतरून लॅबमध्ये गेले, नवी ट्यूब घेतली आणि म्हातारीचं घर बदललं.